वस्तादांच्या पाठीची माती

नदीकाठच्या एका गावात जुनी तालीम होती आणि त्या तालमीला तातोबा नावाचे वस्ताद होते. साठी ओलांडली होती, तरी पहाटे ते स्वतः मातीत उतरत. उजव्या मनगटात चांदीचं जाड कडं असे. तरुणपणी एका मैदानात ते त्यांनी जिंकलं होतं. आता हाडं जाड झाली होती आणि कडं काही केल्या निघत नव्हतं. अर्थात ते काढावं असं त्यांच्या मनातही कधी आलं नव्हतं.

या तालमीचा एक नियम होता, दुसरीकडे कुठे नसेल असा. ज्याची पाठ मातीला लागली त्याने पंचाच्या तोंडाकडे बघायचं नाही. आपणच उठायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "माझी पाठ लागली." मग जिंकलेल्याने हरलेल्याच्या पाठीची माती आपल्या हाताने पुसायची आणि विषय तिथेच मिटायचा. पाठ लागूनही जो 'लागली नाही' म्हणेल, त्याला वस्ताद वर्षभर मातीत पाऊल टाकू देत नसत.

"हरणारा गडी मला चालतो," ते म्हणत, "नाकबूल जाणारा चालत नाही."

वस्तादांची मुलगी सारिका पुण्यात नर्स होती. बापाचं वय झालं, अजून मातीत उतरतो, म्हणून तिला काळजी. तिने एक स्मार्टवॉच पाठवलं. ते छातीचे ठोके मोजायचं आणि ते आकडे तिकडे तिच्या मोबाइलवर दिसायचे. वस्तादांनी आधी नाक मुरडलं. मग चार दिवसांत असे रमले की पारावर बसलेल्या प्रत्येकाला मनगट पुढे करून आपले ठोके दाखवू लागले. लहान मुलाला नवी चप्पल मिळावी तशी गत झाली म्हणा ना.

मातीत उतरताना मात्र ते घड्याळ काढून हिंदुरावच्या हातात देत. हिंदुराव त्यांचा पठ्ठा. सव्वीस वर्षांचा, दूध संस्थेत कामाला. येत्या जत्रेतली मोठी कुस्ती त्याच्या नावाने ठरली होती आणि त्यासाठी तो वर्षभर घाम गाळत होता. घड्याळ तो फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवायचा आणि मेहनत संपली की परत द्यायचा.

घड्याळ येऊन आठच दिवस झाले असतील. त्या सकाळी मेहनत आटोपून वस्तादांनी घड्याळ परत हातात घेतलं आणि त्यांचा चेहराच पडला. काचेवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत बारीक तडा गेला होता.

"हे काय रे?"

हिंदुरावने पाहिलं. तोही चपापला. "मला ठाऊक न्हाई, वस्ताद. तुम्ही दिलं तसं ठेवलं."

"मी दिलं तेव्हा धड होतं."

"मी निरखून बघितलं न्हाई. पण माझ्या हातून काय बी झालेलं न्हाई."

खरं तर गोष्ट इथेच थांबायला हवी होती. पण आदल्या दिवशीच हिंदुरावने कौतुकाने घड्याळ मागून घेतलं होतं, मनगटाला लावून बघितलं होतं. वस्तादांना तेवढं पुरेसं वाटलं. लेकीने हौसेने पाठवलेली वस्तू, आणि हा समोर उभा राहून कानावर हात ठेवतो. त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"पडलं असेल हातून. पडतं माणसाकडून. पण कबूल हो."

"जे केलंच न्हाई ते कसं कबूल होऊ?"

पंधरा-वीस गडी भोवती उभे होते. त्या सगळ्यांच्या देखत वस्तादांनी दाराकडे हात केला. "मग नियम तुला माहीत आहे. नाकबूल जाणारा गडी माझ्या मातीत नको."

हिंदुरावने माती कपाळाला लावली, कपडे उचलले आणि तो गेला. जत्रेला महिनाभरही उरला नव्हता. दुसऱ्या तालमीतून त्याला बोलावणं आलं, पण तो गेला नाही. घरच्या गोठ्यामागे एकटाच जोर-बैठका काढायचा. आता जोर-बैठकांनी अंग राहतं, पण माती आणि समोर जोडीदार असल्याशिवाय डाव राहत नाहीत. हे त्याला कळत होतं आणि वस्तादांना त्याहून जास्त कळत होतं.

वस्तादांनी तालुक्याला जाऊन घड्याळ दुरुस्तीला टाकलं. दुकानदाराने भिंगातून काच न्याहाळली.

"हे पडलेलं नाही हो. पडलं असतं तर कडेला पोचा आला असता. याच्यावर वरून काहीतरी बसलंय. धातूचं, गोल कडेचं."

वस्तादांच्या मनात लगेच तांब्या आला. हिंदुरावने कोनाड्यात घड्याळावर पाण्याचा तांब्या ठेवला असणार. म्हणजे आपण बरोबरच होतो. माणसाने एकदा मनात ठरवलं की पुरावासुद्धा कसा त्याच्याच घरी पाणी भरायला येतो बघा.

नवी काच यायला पंधरा दिवस लागले. घड्याळ घेऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे वस्ताद नेहमीसारखे सगळ्यांच्या आधी तालमीत आले. आत मारुतीची तसबीर होती. तिच्यापुढे उभं राहून ते रोज एकदा शड्डू ठोकत, मगच मातीला हात लावत. त्यांचा शड्डू पंचक्रोशीत नावाजलेला. आधी दोन्ही दंडांवर थाप, आणि शेवटी दोन्ही मनगटं छातीवर एकमेकांवर आपटायची. चाळीस वर्षं रोज करत आलेली गोष्ट. आपण ती करतो हेसुद्धा त्यांच्या ध्यानात नसायचं.

त्यांनी शड्डू ठोकला. मनगटं एकमेकांवर आली आणि बारीकसा 'टक्' आवाज झाला.

वस्तादांनी डावं मनगट वर केलं. नव्या काचेवर तडा होता, त्याच कोपऱ्यातून निघालेला. आणि त्याच्या शेजारी उजव्या हातातलं चांदीचं कडं होतं. धातूचं आणि गोल कडेचं.

ते मटकन खाली बसले. आधीचे काही दिवस काच थोडक्यात वाचली असेल, पण त्या दिवशीसुद्धा असंच झालं होतं. शड्डू ठोकला, घड्याळ न बघताच काढलं आणि हिंदुरावच्या हातात दिलं. फुटकं घड्याळ आपणच त्याच्या हातात ठेवलं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तालमीत दुसरं कुणी नव्हतं. बाहेर गड्यांचे आवाज आले तसे वस्ताद उठले. खरं सांगून टाकायची वेळ तीच होती. पण त्यांनी घड्याळ काढलं, रुमालात गुंडाळलं आणि बंडीच्या खिशात घातलं. चाळीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांना कबूल व्हायला शिकवलं, त्यांना स्वतःवर वेळ आली तेव्हा तोंडातून एक शब्द फुटला नाही. ऐकायला बरं वाटत नाही, पण झालं तसंच.

तीन दिवस त्यांनी घड्याळ सदऱ्याच्या बाहीखाली झाकून घातलं. गड्यांना डाव सांगताना त्यांची नजर वर होत नव्हती. पोरं कुस्ती करून उठत आणि 'माझी पाठ लागली' म्हणत, तेव्हा कुणीतरी मुस्काटात दिल्यासारखं त्यांना वाटे. सारिकाचा फोन आला.

"आबा, काच बसवली ना? फुटली कशी होती?"

"कुणीतरी पाडलं असेल," वस्ताद म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ हात कपाळाला लावून बसून राहिले.

चौथ्या दिवशी दुपारी ते दूध संस्थेत गेले. हिंदुराव दुधाचे कॅन धूत होता. वस्तादांना बघून तो उठला, हात पुसले, वाकून नमस्कार केला.

"जत्रा आठवड्यावर आली," वस्ताद म्हणाले. "उद्यापासून ये मातीत. झालं गेलं सोडून दे."

"काच कुणी फोडली ते कळलं का, वस्ताद?"

"कळलं काय, न कळलं काय. मी सोडून दिलं ना."

हिंदुरावने मान खाली घातली. "मग मी आलो तर सगळे म्हणतील, यानंच फोडली आणि वस्तादांनी माफ केलं. मला माफी नको. मी नाकबूल गेलेला गडी, तुमच्या नियमानं मला वर्षभर येता यायचं न्हाई."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर वस्तादांना सोपं गेलं असतं, दोन शब्द ओरडून बोलता आले असते. ते तसेच माघारी फिरले. संध्याकाळी पुन्हा सारिकाचा फोन.

"आबा, आज साडेचारला तुमचे ठोके एवढे कशाने वाढले होते? मातीत उतरला होता का?"

"नाही गं," वस्ताद म्हणाले. "एका गड्यापुढे उभा होतो. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं." आणि मग त्यांनी लेकीला सगळं सांगितलं. सांगताना साठी उलटलेला तो माणूस रडला.

सारिकाने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "मला सांगून काय उपयोग, आबा? मला कुठे तुम्ही हाकललं होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे गडी जमल्यावर वस्तादांनी बंडी काढली. मातीच्या मधोमध जाऊन ते उताणे निजले. गडी घाबरले, त्यांना वाटलं वस्तादांना चक्कर आली. पण ते आपणच उठले. पाठ मातीने लाल झाली होती. त्यांनी घड्याळ वर धरून दाखवलं.

"ही काच मी फोडली. पहिली पण मीच आणि ही पण मीच. माझ्याच कड्याने. हिंदुरावचा काही दोष नव्हता. हे कळून मला चार दिवस झाले आणि चार दिवस मी लपवलं."

वस्ताद तसेच, उघड्या अंगाने, पाठीची माती न झटकता गावातून चालत निघाले. दूध घालायची वेळ होती, रस्त्यावर माणसं होती. ज्यांना तो नियम ठाऊक होता, त्यांनी ती पाठ बघितली आणि बोलणं थांबवलं. वस्तादांना प्रत्येकाची नजर पाठीवर टोचत होती. एक-दोनदा वाटलं, निदान उपरणं तरी पांघरावं. पण ते थांबले नाहीत. गडीही मागोमाग आले.

दूध संस्थेच्या दारात रांग लागली होती. वस्ताद रांगेसमोर जाऊन उभे राहिले.

"हिंदुराव," ते म्हणाले, "माझी पाठ लागली."

हिंदुराव बाहेर आला. त्याने वस्तादांच्या पाठीकडे पाहिलं, हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, आणि त्याला उमगलं. खांद्यावरचा टॉवेल त्याने बाजूला ठेवला. नियम हाताने पुसायचा होता. वस्तादांच्या मागे जाऊन त्याने आपल्या ओल्या तळव्यांनी त्यांची पाठ सावकाश पुसून काढली. त्याचे डोळे भरून आले होते. वस्तादांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

हिंदुराव त्याच दिवशी तालमीत परतला. आता तुम्हाला वाटेल, जत्रेची कुस्तीही त्याने मारली असेल. नाही मारली. वीस दिवस मातीविना गेले ते सहा दिवसांत कुठून भरून येणार? दहाव्या मिनिटाला त्याची पाठ लागली. वीस दिवस वस्तादांनी वाया घालवले म्हणून हरलो, असं तो म्हणू शकला असता आणि ते खोटंही ठरलं नसतं. तो उठला, पंचांनी हात वर करायच्या आत भर मैदानात म्हणाला, "माझी पाठ लागली."

वस्ताद काठावर उभे होते. हिंदुराव जवळ आला तेव्हा ते म्हणाले, "ही तुझी नव्हे रे. ही पण माझीच लागली."

"न्हाई वस्ताद," हिंदुराव म्हणाला. "मातीत मी होतो. माझीच लागली."

त्या दिवसापासून वर्षभर वस्ताद मातीत उतरले नाहीत, काठावर उभे राहूनच शिकवत राहिले. नाकबूल जाणाऱ्याला वर्षभर माती नाही, हा नियम त्यांचाच होता. घड्याळाची काचही त्यांनी पुन्हा बदलली नाही. नवा गडी आला आणि त्याने विचारलं, वस्ताद, काच कशाने फुटली, की ते पहिल्यापासून सगळं सांगत. सांगताना दर वेळी त्यांचा चेहरा उतरे, पण सांगायचं त्यांनी कधी टाळलं नाही.

तात्पर्य: नुकसान कशाने झालं ते कळत नसेल, तर दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपलेच दोन्ही हात बघून घ्यावेत, आणि चूक आपली निघाली, तर ज्या चारचौघांत दुसऱ्याला दोष दिला, त्याच चारचौघांत ती लगेच कबूल करावी, कारण उशीर आपण करतो आणि त्याची भरपाई दुसऱ्याला करावी लागते.