धूर दिल्यावर

"चोर नाही, तर मग बोंब कुणी ठोकली?" बाबांनी विचारलं.

समोर डॉक्टर विश्राम केंजळे बसले होते. सांधेवाताच्या पेशींवर बावीस वर्षं घासलेला माणूस. हाच प्रश्न मोठमोठ्या सभांमध्ये कुणी विचारला, की ते हसून म्हणत, "ते कळलं तर आमचं दुकानच बंद होईल." लोकही हसत. पण इथे, डोंगरावरच्या मठीत, खेमगीर बाबांपुढे ते वाक्य काही तोंडातून निघेना. याच बाबांनी त्यांचं बोट धरून धुळीत पहिलं अक्षर काढून घेतलं होतं.

"कुणालाच ठाऊक नाही," ते म्हणाले.

"बरं. पुढं सांग."

"सांध्याच्या आत पातळ अस्तर असतं, बाबा. त्यातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. चोर आला, धावा! चोर नसतोच. पण एकीचं ऐकून दुसरी ओरडते, दुसरीचं ऐकून पहिली पुन्हा. राखणीला आलेल्या पेशी तिथंच ठाण मांडतात. अस्तर फुगतं आणि घरालाच खायला लागतं. आधी कूर्चा, मग हाड."

"म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं."

"हो."

"आणि तुझं औषध?"

"निरोप पोचू देत नाही." डॉक्टरांचा आवाज जरा चढला. औषधाचं नाव निघालं की त्यांची छाती आपोआप फुगे. "पेशीच्या दाराशी निरोप येतो, पण आत जात नाही. मग सगळं शांत. सूज उतरते, बोटं उघडतात. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"मग शेवंताला का देत नाहीस?"

...

शेवंताआक्का ही डॉक्टरांची थोरली बहीण. चढण झेपत नाही म्हणून ती खाली पायवाटेच्या तोंडाशी जांभळाखाली बसली होती. आईमागे तिनंच भाकऱ्या थापून विश्रामला वाढवलं. आता तिला पिठाचा गोळा मुठीत धरवत नव्हता. उद्या सकाळी औषध सुरू करायचं ठरलं होतं. हे ठरणं तिसरं. दोनदा डॉक्टरांनीच काहीतरी निमित्त काढून टाळलं होतं, आणि आक्का बिचारी "तुला कळतंय ते बरोबर" म्हणून गप्प राहिली होती.

"गेल्या वर्षी गिरिजाबाई नावाची एक बाई यायची," ते म्हणाले. "कोष्ट्याची. हातमागावर बसणारी. बोटं पार गेलेली. औषधानं चौथ्या महिन्यात मागावर बसली. माझ्या बायकोला लुगडं विणून आणलं."

"मग?"

"सहाव्या महिन्यात गेली... औषधानं नाही. फुप्फुसात जंतू शिरले, त्यानं."

हे 'औषधानं नाही' त्यांनी इतक्या जणांना सांगितलं होतं, की आता ते पाढ्यासारखं तोंडून येई.

बाबा गुडघ्यांवर कोपरं टेकून कसेबसे उठले.

"चल. मधाची पेटी उघडायची आहे. माझ्या हातून होत नाही आता."

मठीमागे चार दगडांवर एक लाकडी पेटी होती. आत सातेरी जातीच्या मधमाश्या. डॉक्टरांनी झाकणाला हात लावला मात्र, एक माशी मनगटाला डसली. त्यांनी ती फटकन चिरडली. लगेच दुसरी त्याच जागी डसली, मग तिसरी.

"मारू नको रे! डंखाचा वास सुटतो. त्या वासावर बाकीच्या येतात. एवढं शिकलास आणि आधी धूर द्यायचं कळलं नाही?"

मडक्यात गोवरी धुमसत होती. डॉक्टरांनी ते पेटीच्या तोंडाशी धरून फुंकर घातली. दोन फुंकरा, तीन. आतला संतापलेला गलका हळूहळू बसला.

मनगट सुजलं होतं, तरी डॉक्टरांचा चेहरा उजळला.

"बाबा, हेच! हेच तर माझं औषध. माशी तीच, डंख तोच. फक्त निरोप पोचत नाही!"

"असं का?"

डॉक्टरांनी मधानं भरलेल्या पोळ्याचा एक कांदा पळसाच्या पानावर काढून घेतला, झाकण लावलं, मडकं खाली ठेवलं. "आक्काला देतो. चला."

बाबा हलले नाहीत. पेटीसमोरच्या दगडावर बसले. वर्षानुवर्षं बसून त्या दगडाला खळगा पडला होता. शेजारी वेळूची एक चपटी कांब ठेवलेली होती.

"बाबा?"

"बघ."

थोड्या वेळानं एक गांधीलमाशी आली. चांगली बोटाच्या पेराएवढी. पेटीच्या दारात उतरली.

"एरवी हिला आल्या आल्या घेरतात," बाबा म्हणाले. "शंभर जणी अंगावर बसून गुदमरवून मारतात. आज..."

आज कुणी कुणाला हाक दिली नाही. गांधीलमाशीनं दारातली एक माशी धरली आणि तिचं मुंडकं तोडलं. मग दुसरी धरली. शेजारच्या माश्या, जणू काही घडतच नाही अशा, दारात फिरत राहिल्या.

बाबांनी कांबेला हात घातला. बोटं वळेनात. कांब निसटून पडली. पुन्हा धरली, पुन्हा पडली. डॉक्टरांनी तो हात आज पहिल्यांदा नीट पाहिला. सगळी बोटं करंगळीकडे कललेली, सांध्यांवर गाठी. हा आजार ते दहा पावलांवरून ओळखत.

"बाबा, हे कधीपासून?"

"झाली आठ-दहा वर्षं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू कामात होतास."

तिसरी माशी गेली.

 डॉक्टर बाबांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"बाबा... गिरिजाबाईला ताप आलाच नाही. तिच्या नवऱ्याचा फोन आला होता. दोनदा. म्हणाला, बाई चार पावलं चालली की धापा टाकते. मी रक्ताचा कागद पाहिला. त्यावर काहीच नाही, सगळं स्वच्छ. म्हटलं, कागद चांगला आहे, तीन महिन्यांनी या..."

त्यांनी पेटीच्या दाराकडे बोट दाखवलं.

"ताप कुठून येणार? कागदावर काय दिसणार? त्या सगळ्या हाका मीच दाबल्या होत्या! दुसऱ्या कुणाला नसतं कळलं तरी चाललं असतं. मला कळायला हवं होतं."

...

"म्हणजे आक्काला द्यायचंच नाही. हेच ना, बाबा?"

बाबांनी दोन्ही हात उचलून त्यांच्यापुढे धरले. वाकडे, रिकामे, औषधाविना असे झालेले. त्यांत आता धुळीत अक्षर काढण्याइतकीही ताकद उरली नव्हती.

डॉक्टर त्या हातांकडे पाहत राहिले. त्यांना लाज वाटली, आणि भीतीही वाटली. मग त्यांनी खाली पडलेली कांब उचलली आणि गांधीलमाशीवर हाणली. ती पडली. तेवढ्यात दुसरी आली. तिलाही हाणली.

ऊन कललं. मडक्यातली गोवरी विझून गेली. पेटीच्या दारात माश्या अजून सुस्तच होत्या.

खालून आक्काची हाक आली. "विश्राम! येतोस ना रे?"

डॉक्टर अर्धवट उठले.

"बाबा, आक्का एकटी बसलीये. किती वेळ राखायचं हे?"

बाबांनी विझलेल्या मडक्याकडे पाहिलं, मग दारातल्या सुस्त माश्यांकडे.

"धूर कुणी दिला?"