चेअरमनसाहेबांची बाग आणि सावनीची जर्मनी

शेजारच्या सुर्व्यांच्या सावनीला कॉलेजच्या सुट्टीत शाश्वत विकास शिकायला जर्मनीला जायचं होतं. सोसायटीचे चेअरमन खानविलकर लगेच तिच्या वडिलांना अक्कल शिकवायला हजर. वाटीभर साखरेच्या निमित्ताने मीही दारात.

"पृथ्वी वाचवायला निघालेली पोरगी विमानाने धूर सोडत जाणार? सुर्वे, नाही म्हणा!"

सुर्वे डळमळले. सावनीचं तोंड उतरलं, पण जीभ शाबूत होती.

"काका, तुम्ही कोपऱ्यावरच्या बागेत फिरायला गाडीने जाता. ज्या दिवशी पायी जाल, त्या दिवशी मीही जर्मनीला पायी निघेन."

सुर्वे खो खो हसले आणि तिकीट काढून मोकळे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खानविलकर हट्टाने पायी निघाले. मी गॅलरीतून ओरडले, "अहो, मागे फिरा! पोरीचं तिकीट वाया जाईल!"