बाराव्या जागेवरचा चिखल

पवित्र गुरुवारी फादर गावातल्या बारा जणांचे पाय धुतात, येशूने शिष्यांचे धुतले तसे. मान मोठा, म्हणून निवडलेले पुरुष घरूनच साबणाने पाय घासून, वर पावडर थापून यायचे. यंदा चिठ्ठीत नातालबाईच्या नवऱ्याचं, बस्त्यावचं नाव निघालं. जन्मभर लोकांच्या वाडीत राबलेला माणूस पहिल्यांदाच चर्चमध्ये पुढे बसणार, म्हणून ती चार दिवस हरखून होती. पण केळीला पाणी लावता लावता उशीर झाला आणि तो तसाच चिखलाच्या पायांनी येऊन बसला.

शेजारी बसलेले सिल्वेस्टर शेट खेकसले, "ऊठ रे! ह्या घाणीला फादर हात लावणार?"

बस्त्याव मान खाली घालून उठायला लागला. नातालबाई ताडकन उभी राहिली.

"तुम्ही उठू नका, बसा खाली!" ती बायकांमधून ओरडली. भर मिस्सेत, प्रार्थना चालू असताना, बाईचा आवाज! सगळं चर्च हादरलं. "शेट, इथं पाय धुवायचेत ना? मग ज्यांचे धुतलेत त्यांनी उठावं. त्यांच्याकडं फादरचं काय काम?"

फादर तांब्या घेऊन सरळ बस्त्यावपुढे गुडघ्यांवर बसले. बाकीच्या अकरा जणांनी पावडर लावलेले पाय हळूच बाकाखाली ओढून घेतले.