भागुजीनं सील बसवलं

एका गावात भागुजी नावाचा एक भोळा ट्रॅक्टरवाला होता. सांगितलेलं काम त्यानं कधी टाळलं नाही. सांगितलं तसंच करायचा. फक्त एका कामाचं सांगणं तो दुसऱ्या कामाला लावायचा.

त्याचे मालक केरबातात्या. तात्यांकडे वडिलांच्या वेळचा लाल ट्रॅक्टर होता. पुढून हँडल मारून सुरू व्हायचा. लेकीच्या लग्नाच्या बैठकीत तात्या सगळ्यांदेखत बोलून गेले, की मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत नवरदेव माझ्या वडिलांच्या ट्रॅक्टरवर येईल. व्याह्यांनी ठरवलेला घोडा रद्द केला. आणि लग्न तोंडावर आल्यावर ट्रॅक्टर पुढून तेल गाळू लागला.

तात्या भागुजीला म्हणाले, "ट्रॅक्टर हलला नाही तर माझं नाक जाईल. हलला तर चालवणारा तू, आणि फेटा मी बांधीन." भागुजीला फेटा हवा होता.

बाबालाल मेस्त्री आले. फिरता दांडा इंजिनातून जिथं बाहेर येतो, तिथं तेल अडवायला एक रबरी कडं असतं. त्याला सील म्हणतात. ते झिजलं होतं. मेस्त्रींनी भागुजीला नवं आणायला तालुक्याला पाठवलं. दुकानदारानं विचारलं, केवढं? भागुजीनं हात पसरून ट्रॅक्टर केवढा आहे ते दाखवलं आणि रिकामा परत आला.

मेस्त्रींनी दांड्यावरची पुली खोलली, सील उपसून त्याच्या हातात दिलं.

"नवं आणायला जाताना जुनं बरोबर न्यावं."

भागुजी जुनं घेऊन गेला आणि एका पिशवीत दोन्ही घेऊन आला. मेस्त्री म्हणाले, जुनं काढलं की टाकून द्यावं, नव्यात मिसळतं. भागुजीनं जुनं सील विहिरीत टाकलं. मग मेस्त्री चहाला गेले. पोत्यावर पुली होती, नट होता. भागुजीनं नीट पाहिलं. सगळं जुनं. सगळं काढलेलं. तेही विहिरीत टाकलं.

तात्या विहिरीच्या काठावर गळ घेऊन बसले. लग्नाला आलेले पाव्हणे लांबून बघून म्हणाले, लग्नघरात मासे कशाला? अंधार पडता पडता पुली वर आली. नटही आला.

मेस्त्रींनी बजावलं, "इंजिनातनं निघालं ते टाकू नये. पुसून जिथलं तिथं घालावं."

सकाळी मेस्त्रींनी इंजिनातलं काळं तेल बादलीत काढलं आणि हात धुवायला गेले. तेल इंजिनातनं निघालेलं. भागुजीला ते पुसता येईना, म्हणून त्यानं गाळलं. गाळायला तात्यांचं नवं उपरणं घेतलं. मग जिथलं तिथं ओतलं. सील अजून बसलं नव्हतं. तेल पुढून निघालं आणि मांडवाच्या दारातल्या रांगोळीपर्यंत गेलं.

तात्या उपरण्याकडे बघत राहिले. मेस्त्रींनी भागुजीला शेजारी बसवून घेतलं आणि करून दाखवत एकेक शब्द सांगितला.

"नवं कधी कोरडं बसवू नये. आधी ओठाला तेल लावावं. वाकडं बसलं तर ठोकळा ठेवून चहूबाजूंनी हळू ठोकावं, सरळ होईस्तोवर. तरी गळलं, तर काढून परत बसवावं."

सीलच्या आतल्या कडेला ओठ म्हणतात. ते मेस्त्रींनी सांगितलं नाही. बाकी सगळं भागुजीनं पाठ केलं.

सील बसलं, पुली बसली, नवं तेल भरलं. तात्यांनी स्वतः हँडल मारलं. ट्रॅक्टर धडधडला. खाली एक थेंब नाही. तात्यांनी भागुजीला गुलाबी फेटा बांधला. मेस्त्रीही वरातीबरोबर देवळाकडे निघाले.

देवळापाशी नवरदेव ट्रॅक्टरवर चढला. नवा कोट, कपाळाला मुंडावळ्या, हातात कट्यार. मडगार्डवर बसला, पण पत्रा गुळगुळीत. तो एका बाजूला कलला. भागुजीनं मागं वळून पाहिलं.

नवा होता. वाकडा बसला होता. आणि कोरडा होता.

भागुजीनं ट्रॅक्टरच्या हत्यारपेटीतून तेलाची कुप्पी, ठोकळा आणि हातोडी काढली. नवरदेवाच्या वरच्या ओठाला तेल लावलं, मग खालच्या. त्याच्या फेट्यावर ठोकळा ठेवला आणि हातोडीनं चहूबाजूंनी ठोकलं. हळूच ठोकलं. सांगितलं होतं तसं.

वाजंत्री थांबली. व्याही म्हणाले, "अहो, हे काय चाललंय?"

"सरळ होईस्तोवर," भागुजी म्हणाला.

नवरदेव अगदी सरळ झाला. मानसुद्धा हलवीना. मग त्याच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं आणि कोटावर टपटपू लागलं.

भागुजीनं वाकून पाहिलं. तो गंभीर झाला. गर्दीत मेस्त्री होते, त्यांना त्यानं हाक मारली.

"मेस्त्री, ह्यो गळतोय. काढून परत बसवू का?"