माडीच्या बोलक्या फळ्या

एका गावात एक अत्तराचा व्यापारी राहत होता. त्याच्या जुन्या घराच्या माडीवर सागाच्या फळ्यांची जमीन होती आणि त्या माडीवर त्याचे वडील राहत. म्हातारा दोन्ही डोळ्यांनी आंधळा. पण माडीवर वावरताना त्याने कधी कुणाचा हात धरला नाही, कारण तिथल्या फळ्या बोलत. जिन्याजवळची फळी कर्र करी, माठापाशी पाय जरा खोलगट जागी पडे आणि सज्जाच्या दाराशी दोन फळ्या एकदम कुरकुरत. त्या खुणांवर म्हातारा सकाळी सज्जात उन्हाला जाऊन बसे, तहान लागली की माठाशी जाई.

वडिलांची पंचाहत्तरी जवळ आली. सारं गाव घरी येणार म्हणताना व्यापाऱ्याला जुनी जमीन डोळ्यांत खुपू लागली. त्याने सुतार बोलावला.

सुताराने फळी न् फळी ठोकून पाहिली आणि म्हातारा कसा चालतो तेही पाहिलं. तो म्हणाला, "मालक, लाकूड ठणठणीत हाय. दोन-चार फळ्या बदलू, वरनं रंधा मारू. आन् थोरले मालक ह्या आवाजावर चालत्यात. येकदा त्यास्नी इचारा की."

व्यापारी हसला. "आंधळ्याला जमिनीतलं काय कळतंय? त्या कुरकुरीने माझं डोकं उठतं. सगळी उचकट."

सुताराने मापाची दोरी काढली. मोठं काम हातचं घालवायला कुणाला आवडतं?

वडिलांना पंधरा दिवस लेकीकडे धाडलं. नवी जमीन झाली, तिला पॉलिश चढलं. समारंभाच्या सकाळी म्हातारा परत आला. न्हाणीघरात बंब पेटला होता. अंगावर पहिला तांब्या घेताच तो थबकला. जन्मभर अत्तरात वावरलेलं नाक ते.

"हा सागाचा धूर. साग कोण जाळतंय रे?"

"आपल्याच जुन्या फळ्या, बाबा. पंधरा दिवस पुरल्या, या शेवटच्या. चला, तुमच्यासाठी काय केलंय ते दाखवतो."

माडीवर म्हाताऱ्याने एक पाऊल टाकलं, मग दुसरं. जमीन गुळगुळीत होती आणि मुकी होती. "छान आहे," तो म्हणाला आणि त्या माडीवर त्याने पहिल्यांदाच आधारासाठी हात पुढे केला. पाहुणे म्हणाले, मुलगा असावा तर असा!

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी वर गेला, तर चकचकीत जमिनीच्या मधोमध बाप रांगत होता. तळहाताने फळ्या चाचपत होता. पोटच्या पोराला ते बघवेना.

त्याने सुताराला बोलावून घेतलं. "हिला पहिल्यासारखी बोलती कर!"

सुताराने मान खाली घातली. "खिळं ढिलं केलं तर कुरकुरंल, मालक. पर कुठली फळी कुठं, हे थोरल्या मालकांच्या पायाला कळायला चाळीस वर्सं लागली. जुन्या फळ्या हायेत का?"

"बंबात गेल्या."

खाटेवरून वडील शांतपणे म्हणाले, "मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. माठाजवळच्या दोनच कुजल्या होत्या. आवाज बसला होता त्यांचा."

त्यानंतर म्हातारा तीन वर्षं जगला. कुणाला सवड असली तर त्याला ऊन मिळे. दुपारनंतर तो पाणी पिईनासा झाला, म्हणजे रात्री लघवीला उठायला नको आणि कुणाला हाक मारायला नको. जमीन पाहायला मात्र लोक येत राहिले आणि बापासाठी एवढं करणाऱ्या लेकाचे गोडवे गात राहिले.

तात्पर्य: ज्याच्यासाठी करायचं त्यालाच विचारलं नाही, तर ती सेवा नव्हे, आपली हौस, आणि तिची किंमत तोच मोजतो.