चिमणाक्काची दगडी माहेरवाशीण

या, सरका जवळ. दिवा बारीक केलाय, आता कोणी पाणी मागायचं नाही. ही गोष्ट राजाची नाही बरं का. राजे होते यात, पण ते कधीच मरून गेलेले. ही गोष्ट चिमणाक्काची.

चिमणाक्का राहायची दाभोळ बंदरात. तिचा नवरा दर्याजी एका मोठ्या गलबताचा तांडेल होता, म्हणजे गलबत चालवणारा मुख्य माणूस. घरात तिसरी होती आवडी. आवडी दर्याजीची धाकटी बहीण, चिमणाक्काची नणंद. पण आईबाप लहानपणीच गेलेले, म्हणून चिमणाक्कानंच तिला मांडीवर वाढवलेलं. आवडीला ठेच लागली की कळ चिमणाक्काच्या डोक्यात जायची.

बाई मोठी प्रेमळ. फक्त एक खोड होती. दिसेल त्याला म्हणायची, "या हो आमच्याकडे, चार दिवस राहा!" कासाराला म्हणायची, वाटसरूला म्हणायची, देवळातल्या गुरवाला म्हणायची. मनात काही नसायचं. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. कोणी खरंच पिशवी घेऊन दारात उभं राहिलं की हिचं तोंड एवढंसं व्हायचं.

मग एकदा दर्याजी गलबत घेऊन निघाला पार कंबोज देशाला. या दोघीही हट्टानं बरोबर गेल्या. समुद्र संपला, नदी लागली, नदी संपली, समुद्राएवढं तळं लागलं. तिथे घरं खांबांवर उभी, आणि घराखाली होड्या बांधलेल्या, आपल्याकडे म्हशी बांधतात तशा. आवडीनं आ वासला तो मिटेचना.

दर्याजी म्हणाला, "परवा सकाळी गलबत सुटणार. उद्याचा दिवस तुमचा. काय बघायचं ते बघून या."

तिथे सोक नावाचा एक म्हातारा गाडीवान होता. दाभोळच्या खलाशांत राहून त्यानं मोडकंतोडकं मराठी उचललं होतं. तो म्हणाला, "बाई, रानात खूप लांब ख्मेर राजांची जुनी देवळं आहेत. तिकडे कोणी जात नाही. उजाडायच्या आत निघालो तर रात्रीपर्यंत परत येऊ."

झालं! चिमणाक्कानं दशम्या बांधल्या, तेलाची बुधली घेतली, कुंकवाचा करंडा घेतला. ओटीचं सामान तर तिच्या पिशवीत कायमच असायचं. बैलगाडी निघाली. तांबडी माती, दोन्हीकडे ताडाची झाडं, मध्ये कमळांची तळी. जाता जाता सूर्य वर आला, रान दाट झालं, आणि आलं पहिलं देऊळ.

अबब! देवळाच्या डोक्यावर झाड बसलेलं, आणि त्याची मुळं भिंतीवरून खाली आलेली, माणसाच्या मांडीएवढी जाड. पायरीवर दगडाचा सिंह. चिमणाक्कानं त्याच्या आयाळीतल्या मुंग्या झटकल्या आणि सवयीनं म्हणाली, "काय हो ही दशा! या एकदा दाभोळला, चांगली न्हाऊ घालते."

सिंहानं शेपटी हलवली.

चिमणाक्का दोन हात मागे उडाली. आवडी किंचाळली. सोकनं दोघींना दंडाला धरून गाडीत घातलं. म्हणाला, "बाई, इथे कोणाला बोलावू नका. इथला दगड ऐकतो."

"वाऱ्यानं हलली असेल," चिमणाक्का म्हणाली. आता मला सांगा, दगडाची शेपटी वाऱ्यानं हलते का? पण माणूस घाबरला की असंच बोलतो.

मग गाडी डोंगर चढली आणि दुसरं देऊळ आलं. याला भिंती नाहीत, कळस नाही. नदी हेच देऊळ! नदीच्या तळाशी खडकात देव कोरलेले, आणि त्यांच्या अंगावरून झुळुझुळु पाणी वाहतंय. मधोमध शेषावर निजलेले विष्णू. चिमणाक्काला आलं भरून. ती वाकून म्हणाली, "किती दिवस पाण्यात पडून राहायचं देवा? पडसं होईल. या आमच्याकडे, सुंठेचा काढा देते."

मग काय झालं ठाऊक आहे? नदी थांबली. जागच्या जागी! पाण्यात मासे टांगल्यासारखे थांबले. आणि देवांनी एक डोळा उघडला, तिच्याकडे बघितलं, आणि मिटला. मग नदी पुन्हा वाहायला लागली.

सोक हात जोडून म्हणाला, "बाई, ते देव आहेत, त्यांनी सोडून दिलं. पण पुढच्या देवळात तोंड मिटून चला. घरी न्यायची तयारी असेल तरच 'ये' म्हणा."

चिमणाक्कानं कानाला खडा लावला. तोंडावर पदर धरला. पण म्हणतात ना, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

तिसरं देऊळ फार आत होतं. तिथे पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं. लांबच लांब भिंत, शेवाळानं हिरवी झालेली, आणि तिच्यावर दगडी बायकांची रांग. डोक्यावर उंच मुकुट, दंडात वाक्या, कमरेला पट्टे. सगळ्या नुसत्या कोरलेल्या, डोळे मिटलेल्या. पण एक होती, तिचे डोळे उघडे. चेहरा कोवळा. आणि दिवसभर उभं राहून पाय दुखावेत ना, तसं तोंड झालेलं.

चिमणाक्काला राहवेना. "अगं बाई, अंगभर दागिने आणि कपाळ मोकळं?" तिनं करंडा उघडला, कुंकू लावलं. मग हात थांबेना. तांदूळ घेतले, सुपारी घेतली, नारळ घेतला, खण ठेवला, आणि त्या दगडी ओंजळीत ओटी भरली. आणि तोंडावरचा पदर कधी सुटला तिलाच कळलं नाही. म्हणाली, "सासरी फार उभं ठेवतात का गं? ये हो माहेरपणाला आमच्याकडे."

दगडी बोटं नारळाभोवती मिटली. आणि ती बाई भिंतीतून खाली उतरली. धप्प!

सोक जमिनीवर पालथाच पडला. ती बाई मात्र पाय झटकत म्हणाली, "आले बघ." तिला मराठी कसं येत होतं असं विचारू नका. जिची आपण ओटी भरतो तिला आपली भाषा येते, असं माझी आजी सांगायची.

तेवढ्यात मागून आवडीचा आवाज आला, "वहिनी, बघ गंमत! मी यात बरोब्बर मावते!"

भिंतीत त्या बाईच्या आकाराचं भोक पडलं होतं, आणि ही कार्टी त्यात जाऊन उभी राहिली होती. पोरच ती. पण लगेच तिचं हसू विरलं. "वहिनी... माझे पाय हलत नाहीत."

चिमणाक्का धावली. आवडीची पावलं दगडाची झाली होती. गार, खरखरीत, शेवाळलेली. चिमणाक्कानं ओढली, सोकनं ओढली. पोर तसूभर हलेना.

सोक म्हणाला, "ही भिंत रिकामी राहत नाही बाई. ऊन भिंतीवरून गेलं की जी आत असेल ती कायमची. ती परत चढली तरच ही सुटेल."

चिमणाक्का त्या दगडी मुलीकडे वळली. "बाई गं, परत जा ना! पाया पडते तुझ्या."

"परत? आत्ताच तर आले. तूच ये म्हणालीस."

"अगं, तसं म्हणायची रीत असते."

ती मुलगी बघतच राहिली. "म्हणजे खोटंच होतं?"

चिमणाक्काला थोबाडीत बसल्यासारखं झालं. उभ्या जन्मात तिला हे कोणी विचारलं नव्हतं. मग ती मुलगीच म्हणाली, "बरं. माझं नाव बोफा. माहेरी काय करतात ते मला एकदा बघू दे. मग मी पुन्हा उभी राहीन."

मग काय! चिमणाक्कानं तिला बसवलं, मुकुट उतरवला आणि डोक्याला तेल घातलं. थापथापून जिरवलं. तेल मुरत गेलं तसे दगडाचे केस झाले, काळेभोर. इकडे आवडी ओरडली, "वहिनी, गुडघे गेले!"

मग चिमणाक्कानं दशमी सोडली. लोण्याचा गोळा घातला, घास करून भरवला. दशमी पोटात गेली तशी बोफाच्या गालांवर लाली आली. इकडे आवडी रडायला लागली, "वहिनी, कंबर गेली!" ऊन भिंतीवरून सरकत होतं. पण चिमणाक्कानं एक घास सांडला नाही हो.

"झालं ना बाई? आता चल!"

बोफा म्हणाली, "लेक माहेरी आली की आई तिला काय विचारते?"

चिमणाक्का म्हणाली, "विचारते, कशी आहेस?"

"मग विचार."

बोलणं सोपं असतं रे, ऐकणं महाकठीण. त्यातून चिमणाक्का म्हणजे दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देईल तर शपथ. पण ती बसली. बोफाचा हात हातात घेतला आणि विचारलं, "कशी आहेस गं?"

बोफा सांगायला लागली. तिचे वडील पाथरवट. ही भिंत त्यांनीच घडवली. शेवटची मूर्ती राहिली होती, आणि राजाची माणसं घाई करत होती. "बाबा म्हणाले, पोरी, जरा इथे उभी राहा, माप घेतो. मी उभी राहिले. बाबा म्हणाले, आलोच छिन्नी घेऊन. आणि ते आलेच नाहीत. पाय गार झाले तेव्हा मी हाक मारली. भिंतीच्या पलीकडे ते रडत होते, मला ऐकू येत होतं. पण ते आले नाहीत."

सोकनं तोंड फिरवून डोळे पुसले. आणि बोफा उठली, मुकुट डोक्यावर ठेवला आणि शहाण्या मुलीसारखी म्हणाली, "चल. कबूल केलंय मी. तुझी आवडी काढून घे." तिचा हात आता ऊन ऊन होता.

आवडी गळ्यापर्यंत दगड झाली होती. भिंतीच्या माथ्यावर उन्हाची एक पट्टी उरली होती. आणि चिमणाक्काला बोफाचा हात सोडवेना! एका लेकराला काढायला दुसऱ्या लेकराला त्या भोकात घालू?

"कोणी नाही जायचं," ती म्हणाली. "बोलावलं मी. उभी मी राहीन." आणि पदर खोचून ती त्या भोकात घुसली, आवडीला कवटाळून. आवडी ओरडली, "वहिनी, नको!" पाय गार पडायला लागले तरी बाई हटेना.

बोफा खालून बघत होती. दगड होताना जेवढी थक्क झाली नसेल तेवढी आता झाली. म्हणाली, "माझ्यासाठी कोणी असं आत आलं नाही. आणि तुला सोडून मी बाहेर राहू?" आणि तीही घुसली. कोपरं, मुकुट, सगळ्यासकट.

आता ती भिंत म्हणजे काय, एका वेळी एकच घास गिळणारी. तिघी एकदम शिरल्यावर तिच्या घशातच अडकलं! ती कुरकुरली. ती फुगली. आणि मग कड् कड् कड्! वरपासून खालपर्यंत तडा गेला, आणि अख्खी भिंत पाठीमागे कोसळली. रानातली सगळी पाखरं एकदम ओरडत उठली.

धूळ बसली तेव्हा सोकनं बघितलं, तर तिघी एकमेकींवर पडलेल्या, खोकत होत्या. चिमणाक्कानं पहिल्यांदा आवडीची पावलं चाचपली. ऊन होती. दहाही बोटं हलत होती. मग बोफाची चाचपली. तीही ऊन. मग बाईनं जो गळा काढला म्हणता! लोक आज सांगतात, ते देऊळ झाडांच्या मुळांनी पाडलं. सांगू देत. आपल्याला खरं काय ते ठाऊक आहे.

रात्री उशिरा गाडी तळ्याकाठी पोचली. दर्याजी कंदील घेऊन वाटच बघत होता. त्यानं कंदील वर केला, आणि हातातून पडता पडता वाचवला. "गेलात दोघी, आलात तिघी! ही कोण?"

एरवी चिमणाक्कानं पाल्हाळ लावलं असतं. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "आपली लेक. दशम्या संपल्यात, तांदूळ टाका चुलीवर."

सकाळी गलबत सुटलं. शिडात वारा भरला, काठ मागे पडायला लागला. बोफा काठावरच्या रानाकडे बघत उभी होती. तिनं हळूच विचारलं, "माहेरपण संपलं की मला परत कधी पोचवणार?"

चिमणाक्का तिची वेणी घालत होती. तिनं गाठ मारली आणि म्हणाली, "कुठे पोचवू? सासर पडलं की गं तुझं काल."

बोफा तिच्याकडे बघत राहिली. मग हसली. मग इतकी हसली, इतकी हसली, की दर्याजीनं सुकाणू सोडून मागे वळून पाहिलं.

दाभोळात त्या तिघी खूप वर्षं सुखानं नांदल्या, आणि दर्याजी बिचारा तिघींचं बोलणं ऐकत नांदला. चला, त्यांच्या घरचा दिवा मालवला, आता आपलाही मालवते. पाय पोटाशी घ्या, डोळे मिटा. निजा.