चाकाखालचं लिंबू

"काळी घेऊ का पांढरी, तात्या?"

तातोबा गुरव समईची वात सारत होते. त्यांनी मान वळवली नाही.

"म्हशीचं विचारतूस?"

"गाडीचं, तात्या."

"मग आधी घाम पूस. गाडीपायी एवढा घाम येत असंल तर म्हसच बरी."

धोंडिराम रेडेकरानं घाम पुसला. थंडीचे दिवस, डोंगरातलं रवळनाथाचं देऊळ, धुकं नुसतं खांबाखांबाला लोंबतंय, आणि ह्या गड्याला घाम!

खाली बाजाराच्या गावात त्याला आता कोणी धोंडिराम म्हणत नाही. डी. आर. शेठ म्हणतात. खडीची क्रशरं आहेत, कोंबड्यांची शेडं आहेत, बोटाबोटाला अंगठी आहे. पण पोरवयात ह्याच देवळात, ह्याच तात्यांच्या पुढ्यात बसून तो पखवाज शिकला. चुकला की तात्या कान पिळायचे. त्या कानाला अजून तात्यांची भीती होती. बाकीच्या अंगाला राहिली नव्हती.

पायऱ्यांखाली दोन गाड्या उभ्या होत्या. दोन शोरूमनी चालवून बघायला पाठवलेल्या, देवळाएवढ्या थोराड. एकेकीबरोबर एकेक टायवाला. धुक्यात चाकं दिसत नव्हती, त्यामुळं दोन्ही गाड्या जमिनीला न टेकता तरंगत असल्यासारख्या वाटत होत्या.

"काळीचं छप्पर काचेचं आहे, तात्या. पडल्या पडल्या चांदण्या बघायच्या. आणि पांढरीची सीट पाठ रगडून देते."

"मालन काय म्हणती?"

धोंडिराम अंगठी फिरवत बसला.

"मालन माहेरी आहे."

"कवापासनं?"

"दसऱ्यापासनं... दसऱ्याच्या आधीपासनं."

"भांडलासा?"

"भांडायला मी घरात असतो कुठं?"

तात्यांनी वातीची काजळी झाडली.

"भावाकडनं निरोप आलाय तिचा," धोंडिराम म्हणाला. आवाज खाली गेला होता. "एकदा त्यांना येऊ द्या म्हणाली. एकदाच. मग नांदायला यायचं का न्हाई ते ठरवीन म्हणाली. आज निघालोय. आज दारातनं मोकळा परत आलो तर संपलं, तात्या. म्हणून गाडी अशी पायजे, की तिनं नुसती बघितली की..."

"बघितली की काय?"

धोंडिरामनं परत घाम पुसला.

"घरातनं गेली कशानं?"

"एस्टीनं."

"दारात गाडी नव्हती?"

"दोन होत्या."

तात्यांनी समईत तेल घातलं. सावकाश, धार न तुटू देता.

"कौल लावा," धोंडिराम म्हणाला. "उजवी पाकळी पडली तर काळी. डावी पडली तर पांढरी. देव सांगंल ती घेतो, आणि हितनंच तशीच तिच्या दारात नेतो."

ह्या मुलखाची ही रीतच आहे. लग्न जमवायचं असो, विहीर खणायची असो, देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि बघत बसायचं. जी बाजू पडेल तो देवाचा कौल. पण मोटारीसाठी देवाला कामाला लावणारा हा पहिलाच शहाणा.

तात्यांनी देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाकळ्या चिकटवल्या. हात जोडले.

"देवा म्हाराजा, तुझ्या ह्या लेकराला बायकू आणायची हाय. त्याचं म्हणणं, ती गाडीला भुलंल. तुझं काय म्हणणं?"

दोघं बसले.

पाकळ्या हलल्या नाहीत. धुकं दारातनं आत आलं, नंदीला वळसा घालून गेलं. घंटेवर पाणी साचलं आणि टपकलं. कुठंतरी कोणी पखवाज घुमवत होतं असं धोंडिरामला वाटलं. कान देऊन ऐकलं, तर कोणीच नव्हतं.

"पडंना, तात्या."

"देवाला घाई न्हाई. चल, तवर बसवून आण मला तुझ्या गाडीत."

"आणि कौल?"

"देव कुठं पळतोय?"

काळीचं चाक धोंडिरामनंच हातात घेतलं. तात्या शेजारी, काळीचा टायवाला मागं. पांढरीही मागोमाग निघाली. रस्ता एकच, खिंडीकडं जाणारा. खिंड उतरली की कुरणवाडी, मालनचं माहेर.

गाडीत आवाज म्हणून नव्हता. इंजिनाचा नाही, रस्त्याचा नाही, वाऱ्याचा नाही. काचा बंद, आत अत्तर मारल्यासारखा गारवा. धुक्यातनं एखादं झाड यायचं, आत डोकवायचं आणि निघून जायचं. आपण चाललोय का एका जागी उभे आहोत आणि डोंगरच मागं सरकतोय, हे धोंडिरामला कळेना. शेजारी मालनच्या हिरव्या बांगड्या वाजल्यासारखं वाटलं. त्यानं चटकन वळून बघितलं.

तात्याच होते. चेहरा पांढराफटक.

"थांबव."

"काय झालं?"

"थांबव म्हणतो ना!"

"बाबा, ह्या गाडीत मळमळत नाही," मागनं टायवाला म्हणाला. "कंपनीची गॅरंटी आहे."

"मग तुझी गॅरंटी घेऊन बाजूला सरक. तिच्यावरच ओकतो."

गाडी खिंडीत थांबली. पांढरी मागं येऊन थांबली. तात्या दार उघडून उतरले आणि दगडावर टेकले. मग परत उठले, गाडीत हात घातला. तिथं पुढं लिंबं ठेवली होती, पसंत पडेल त्या गाडीच्या चाकाखाली ठेवून फोडायला. तात्यांनी त्यातलं एक उचललं, नखानं साल ओरबाडली आणि नाकाला लावलं.

"तात्या, अहो, ते चाकाखाली ठेवायचंय!"

"चाकाला काय मळमळतंय?"

तात्या डोळे मिटून लिंबू हुंगत राहिले.

वास धुक्यात पसरला. धुकं दाट होतं, त्यामुळं तो उडून गेला नाही, तिथंच राहिला. धोंडिराम उतरून उभा होता. आधी त्याला नुसता वास आला. मग वासामागनं एकेक यायला लागलं.

वरातीची जीप. हीच खिंड. पिवळ्या लुगड्यातली नवरी, हातात लिंबू. जीप थांबायच्या आत ती ओकली होती आणि सगळे हसले होते. नवरदेवही.

मग दुसरी गाडी, पदराच्या टोकाला बांधलेलं लिंबू, आणि त्याचा स्वतःचा आवाज. टाक ते, सीटला वास लागतो.

मग आणखी मोठी गाडी. काच खाली करू नको, एसी चालू आहे.

मग मालनचं ते एकच बोलणं. तुम्ही जावा. उद्घाटन असो, लग्न असो, देवाला जायचं असो. तुम्ही जावा. धोंडिरामला वाटायचं, बाईला माज आलाय.

"तात्या..."

"हं."

"वरातीत ती हितंच उतरली होती."

"व्हय."

"जीप पुढं गेली... मग आपल्या गावात कशी आली ती?"

एवढी वर्षं संसार झाला. हा प्रश्न त्यानं आज पहिल्यांदा विचारला.

"चालत," तात्या म्हणाले. "माझ्या गळ्यात वरातीचा पखवाज. ती पुढं, मी मागं. लिंबू सुकलं तशी झाडाची पानं चुरगाळून हुंगत आली. मी म्हटलं, पोरी, बस जरा. ती म्हणाली, नगं, घरात वाट बघत असतील."

धोंडिराम गाडीला टेकायला गेला. पण गाडी दवानं ओली होती, हात घसरला.

पांढरीचा टायवाला पुढं आला. भला माणूस होता, त्याला वाटलं हीच वेळ आहे.

"सर, आमच्या गाडीत हवा शुद्ध करायचं मशीन आहे. मॅडमना काहीही त्रास होणार नाही."

धोंडिराम मागं देवळाच्या दिशेनं बघत होता.

"तात्या," धोंडिराम म्हणाला, "एव्हाना पाकळी पडली असंल का हो?"

"वाळली की पडतीच ती."

दोन्ही गाड्या खिंडीत मुक्यानं उभ्या होत्या. आता त्यांचा रंगही नीट कळत नव्हता, काळी धुरकट झालेली, पांढरी धुक्यात विरलेली. खालनं, न दिसणाऱ्या कुरणवाडीतनं, कुत्रं भुंकल्याचा आवाज आला. चुलीच्या धुराचा वास आला. कोणीतरी बाई कोणाला तरी हाका मारत होती.

धोंडिरामनं किल्ली काळीच्या टायवाल्याच्या हातात ठेवली.

"शेठ, कुठली फायनल करू?" टायवाल्यानं विचारलं.

धोंडिराम खिंडीच्या कडेला गेला. डांबरी रस्ता लांबनं वळसा घालून उतरत होता. सरळ खाली मात्र पायवाट जात होती, ओल्या गवतातनं, चार हातांवर धुक्यात शिरून दिसेनाशी होत. त्यानं एक पाय तिच्यावर ठेवला. चकचकीत बूट चिखलात रुतला. त्यानं तो काढला नाही.

बोलताना त्याचा आवाज लहान झाला होता, पखवाजाचा बोल चुकल्यावर व्हायचा तसा.

"तात्या... हितनं कुरणवाडी पायी किती लांब असंल?"

तात्यांनी डोळे उघडले.

"तिला हितनं गाव जेवढं लांब होतं, तेवढीच."